ऑक्सिजन सेन्सर वारंवार जातोय? पुढचा विकत घेण्याआधी करायची तपासणी

पेट्रोल किंवा सीएनजी गाडीतला हीटरवाला ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा), इंजिन निरोगी असेल तर, लाख-दीड लाख किलोमीटर निमूटपणे चालतो. तो दहा-पंधरा हजारांत गेला, नवा टाकला आणि तोही काही महिन्यांत गेला, तर तिसरा मागवण्याआधी थांबावं. अशा वेळी शक्यता तीन असतात. एक, सेन्सर गेलाच नव्हता. वायरिंगचा किंवा इंजिनातल्या हवा-इंधनाच्या मिश्रणाचा दोष त्याच्या नावावर खपला. दोन, सेन्सर खरंच गेला, पण इंजिनातून येणाऱ्या कशाने तरी त्याचा घात केला आणि ते कारण अजून तिथेच आहे. तीन, बसवलेला माल खोटा किंवा त्या गाडीचा नव्हता, नाहीतर बसवताना चूक झाली. यातलं आपल्या गाडीत नेमकं काय झालंय, ते ठरवण्याची ही रीत आहे.

लागणारी हत्यारं फार नाहीत: डिजिटल मल्टिमीटर, ब्लूटूथ ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या डायग्नॉस्टिक सॉकेटला लागणारा, दोषाचे कोड वाचणारा) आणि त्याचं मोबाईल ॲप, इंडिकेटरचा २१ वॅटचा आणि पार्किंग लाइटचा ५ वॅटचा असे दोन बल्ब होल्डर-वायरसकट, आणि वायरसाठी खाच असलेला २२ मिलिमीटरचा सॉकेट. इथे चार सिलिंडरची नेहमीची गाडी धरली आहे. तिच्यात साधारणपणे दोन सेन्सर असतात. पहिला एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) आधी. दुसरा कन्व्हर्टरच्या नंतर. पहिल्याच्या रीडिंगवर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंधन कमी-जास्त करतो. दुसऱ्याचं मुख्य काम कन्व्हर्टरवर लक्ष ठेवण्याचं.

जुना सेन्सर आणि जुना कोड, दोन्ही जपून ठेवा

गॅरेजमध्ये पहिली गोष्ट होते ती ही की कोड पुसला जातो आणि काढलेला सेन्सर भंगारच्या डब्यात जातो. दोन्ही पुरावे गेले की उरतो तो अंदाज. मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा: जुना सेन्सर परत हवा आहे, त्याचं टोक पुसू नका, तारेच्या ब्रशने घासू तर अजिबात नका. सेन्सर कागदात गुंडाळून त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा.

कोड पुसण्याआधी त्याचा फ्रीझ फ्रेम मोबाईलवर टिपून घ्या. कोड पडला त्या क्षणी कुलंट किती गरम होतं, आरपीएम किती होता, गाडी किती वेगात होती, शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली तात्पुरती आणि मुरलेली टक्केवारीतली दुरुस्ती) किती होते, हे त्यात असतं. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत पडलेला कोड बहुधा हीटरचा असतो. गरम गाडी हायवेला चालत असताना पडलेला कोड बहुधा सिग्नलचा किंवा मिश्रणाचा निघतो.

मग कोडचा आकडा नीट वाचा. इतकी साधी गोष्ट, पण चुकीचा सेन्सर बदलला जाण्याचं मोठं कारण हेच. पी०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरचा हीटर, पी०१४१ म्हणजे दुसऱ्याचा. पी००३१ आणि पी००३२ हे पहिल्याच्या हीटर सर्किटमध्ये व्होल्टेज कमी किंवा जास्त असल्याचे कोड. दुसऱ्यासाठी तेच पी००३७ आणि पी००३८. पी०१३१ सिग्नल खाली अडकल्याचा, पी०१३२ वर अडकल्याचा, पी०१३३ सेन्सर मंद झाल्याचा, पी०१३४ त्याची काहीच हालचाल नसल्याचा. पी०१७१ आणि पी०१७२ मात्र सेन्सरचे कोड नव्हेत. मिश्रण पातळ (इंधन कमी) आहे किंवा घट्ट (इंधन जास्त) आहे, एवढंच ते सांगतात. सेन्सर खरं बोलतोय म्हणूनच बऱ्याचदा हे कोड पडतात, आणि त्यावर सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. पी०४२० सुद्धा दुसऱ्या सेन्सरवर सरळ ढकलू नका. तो कन्व्हर्टरच्या क्षमतेबद्दल आहे.

हीटरचा कोड असेल तर

सिरॅमिकचं टोक साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सियसच्या पुढे तापल्याशिवाय सेन्सर बोलत नाही. तिथवर लवकर पोचावं म्हणून आत हीटर असतो. त्याला इग्निशन किंवा रिलेमार्फत बारा व्होल्ट मिळतात आणि ईसीयू अर्थची बाजू चालू-बंद करून त्याची गरमी सांभाळतो. म्हणून हीटर न चालण्याची चार ठिकाणं आहेत: सप्लाय, ईसीयूकडची वायर, खुद्द ईसीयू आणि सेन्सरचा हीटर. तपासणी याच क्रमाने करा.

आधी फ्यूज. फ्यूज उडालेला असेल तर नवा घालून मोकळे होऊ नका. सेन्सरची वायर हीट शील्डला किंवा मॅनिफोल्डला टेकून वितळली आणि बॉडीला लागली की फ्यूज जातो. आधीच्या वेळी नवा सेन्सर घालताना वायर पुन्हा त्याच जागी टेकली असेल, तर त्याचाही बळी तसाच जाणार. टॉर्च घेऊन सेन्सरपासून कपलरपर्यंत (वायरींच्या प्लगपर्यंत) आणि कपलरपासून वर मेन हार्नेसपर्यंत (वायरींच्या मुख्य जुडग्यापर्यंत) वायर हाताने चाचपत जा. काळा स्लीव्ह कडक झाला असेल, चकचकीत दिसत असेल किंवा चपटा झाला असेल, तर तो तिथे तापलेला आहे. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आपल्याकडे सर्रास सापडतात. फायरवॉलजवळ आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, जिथे ऊब असते, तिथे विशेष बघा.

मग सप्लाय. सेन्सरचा कपलर काढा आणि गाडीकडच्या बाजूला हीटरचे दोन पिन शोधा. सेन्सरच्या बाजूला त्यांच्या वायरी बहुधा एकाच रंगाच्या असतात. बॉश आणि एनटीकेच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, करडी सिग्नल अर्थची. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी सिग्नल अर्थची. गाडीकडच्या हार्नेसचे रंग वेगळे असतात, त्यामुळे समोरासमोरच्या पिनवरून ओळखा.

चावी ऑन करून, काही गाड्यांत इंजिन सुरू करून, सप्लायच्या पिनवर बारा व्होल्ट दिसले की बरेच जण पुढे सरकतात. इथेच घोटाळा होतो. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरचे तीसपैकी अठ्ठावीस धागे तुटलेले असले किंवा पिन आतून हिरवा पडला असला, तरी मीटर बारा व्होल्ट दाखवणारच. म्हणून त्या पिनवर लोड द्या: २१ वॅटचा बल्ब सप्लायचा पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये लावा. तो साधारण पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे हीटरच्या जवळपास. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. बल्ब जळत असतानाच मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं सप्लायच्या पिनवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज गळतंय: रिलेचे पॉइंट, फ्यूजची सैल क्लिप, नंतर कोणीतरी मारलेला जॉइंट. हा दोष राहिला की हीटर अर्धवट तापतो. कोड सेन्सरच्या नावाने पडतो, नवा सेन्सर काही आठवडे बरा वाटतो आणि मग तोच कोड परत येतो.

ईसीयूच्या बाजूसाठी छोटा, ५ वॅटचाच बल्ब वापरा. ईसीयूमधल्या ट्रान्झिस्टरवर जास्त बोजा नको. गाडीकडच्या दोन्ही हीटर पिनच्या मध्ये तो लावून थंड इंजिन सुरू करा. बल्ब पेटला किंवा लुकलुकला, तर सप्लाय, ईसीयू आणि मधली वायरिंग ठीक आहे. सप्लायची चाचणी पास झाली असूनही हा बल्ब अजिबात पेटत नसेल, तर कपलर ते ईसीयू ही वायर तपासा. ती अखंड निघाली तरच ईसीयूवर संशय घ्या. या चाचण्यांत कपलर निघालेला असल्यामुळे नवे कोड पडतील. शेवटी ते पुसायचे.

राहिला सेन्सर. पूर्ण थंड झालेल्या सेन्सरच्या हीटरच्या दोन पिनमध्ये ओहम मोजा. सेन्सरच्या प्रकारानुसार हा आकडा साधारण ३ ते १५ ओहमच्या दरम्यान येतो. नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. मीटर अनंत दाखवत असेल तर हीटरची तार तुटली. हीटरचा कुठलाही पिन आणि सेन्सरची धातूची बॉडी, तसंच हीटर आणि सिग्नल, यांच्यात कंटिन्युइटी मुळीच नको. सिग्नलच्या पिनचा ओहम मात्र कधी मोजू नका. मीटर त्यात करंट सोडतो आणि चांगला सेन्सरही त्याने बिघडू शकतो.

हीटर खरोखर तुटला असेल तर तो का तुटला? इंजिन चालू ठेवून बॅटरीवर चार्जिंग मोजा. ते साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट असावं. स्मार्ट चार्जिंगवाल्या गाड्यांत काही वेळ कमीही दिसेल, पण ते सतत १५ च्या वर जात असेल तर आधी अल्टरनेटरचा रेग्युलेटर बघा. दुसरं कारण पाणी. एक्झॉस्ट पाइपात रात्रभर साचलेलं पाणी सकाळी तापत्या सिरॅमिकवर उडालं की ते तडकतं. काढलेला सेन्सर कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ आवाज आला तर सिरॅमिक फुटलं आहे. सेन्सर आडव्या रेषेपासून किमान दहा अंश वर, टोक खाली झुकलेलं, असा बसलेला हवा, म्हणजे पाणी त्याच्यात थांबत नाही. कंपनीच्या मॅनिफोल्डवर हे जुळलेलं असतंच. बाहेरून वेल्डिंग करून पाइप बदललेल्या गाड्यांत नट पाइपाच्या बाजूला किंवा खाली मारलेला असतो, आणि मग कितीही महागडा सेन्सर टाकला तरी टिकत नाही.

सिग्नलचा कोड असेल तर

आधी सेन्सर नॅरोबँड (मिश्रण घट्ट की पातळ एवढंच सांगणारा) आहे की वाइडबँड (किती घट्ट-पातळ हेही मोजणारा) ते बघा. चार वायरींचा सेन्सर बहुधा नॅरोबँड. पाच वायरींचा असेल तर तो वाइडबँड, त्याला ०.१ ते ०.९ व्होल्टची चाचणी लागू नाही. त्याचं रीडिंग ॲपमध्ये लॅम्डाच्या आकड्यात (हवा-इंधन नेमक्या प्रमाणात असलं की १.००) बघायचं, जो स्थिर चालीत १.०० च्या आसपास राहतो. वाइडबँडचा कपलर कापून दुसरा जोडू नका. कित्येकांत त्या सेन्सरपुरतं जुळवलेलं कॅलिब्रेशनचं रेझिस्टर कपलरच्या आतच असतं.

नॅरोबँडची चाचणी अशी. इंजिन पूर्ण गरम करा, दोन मिनिटं २५०० आरपीएमवर धरा. ॲपमध्ये फक्त पहिल्या सेन्सरचं व्होल्टेज आणि शॉर्ट टर्म ट्रिम, एवढे दोनच आकडे उघडा. स्वस्त अडॅप्टरवर सहा-आठ आकडे एकदम लावले की प्रत्येकाचं रीडिंग सेकंदा-दोन सेकंदांनी येतं आणि धडधाकट सेन्सरही मंद दिसतो; निव्वळ एवढ्यावरून सेन्सर बदलले जातात. व्होल्टेज ०.४५ च्या खाली-वर सतत झुलायला हवं, ०.२ च्या खाली आणि ०.८ च्या वर जायला हवं. दुसऱ्या सेन्सरचं व्होल्टेज याउलट ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळपास स्थिर असतं. तोही पहिल्यासारखाच झुलत असेल तर कन्व्हर्टर थकला आहे.

आता खरी परीक्षा. एक्सिलरेटर झटकन दाबा. मिश्रण क्षणभर घट्ट होतं, व्होल्टेज ०.८ च्या वर उडालं पाहिजे. मग मोकळ्या, उताराच्या रस्त्यावर तिसऱ्या गियरमध्ये २५०० च्या वर असताना पाय पूर्ण काढा. ईसीयू इंधन तोडतो, व्होल्टेज ०.१ च्या खाली कोसळलं पाहिजे. आकडा शेजारी बसलेल्याने बघायचा, गाडी चालवणाऱ्याने रस्ता बघायचा. दोन्ही वेळा सेन्सरने चटकन दाद दिली, तर सेन्सर जिवंत आहे आणि खरं सांगतो आहे. मग कोड काहीही म्हणो, दोष मिश्रणात, एक्झॉस्टमध्ये किंवा वायरिंगमध्ये शोधायचा.

कपलर काढल्यावरही पी०१३२ राहत असेल, किंवा सिग्नलचं व्होल्टेज एक व्होल्टच्या बरंच वर दिसत असेल, तर हीटरचा सप्लाय सिग्नलच्या वायरीत शिरतोय. पाणी शिरलेल्या कपलरमध्ये हे होतं. पिनवर हिरवट-पांढरी बुरशी दिसली की पिन बदलणंच योग्य. तिथे ग्रीस किंवा स्प्रे भरभरून मारण्याचा मोह टाळा. बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी बाहेरची शुद्ध हवा लागते आणि ती वायरीच्या धाग्यांमधून कपलरच्या बाजूने आत जाते. ग्रीस, स्प्रे किंवा सोल्डर यांनी ही वाट बुजली, की सेन्सर हळूहळू खोटं रीडिंग देऊ लागतो. म्हणूनच सेन्सरच्या वायरीला सोल्डरिंग करू नये, क्रिम्प करावं.

एक्झॉस्टची गळती

सेन्सरच्या आधी, म्हणजे हेड आणि मॅनिफोल्डच्या गॅस्केटला किंवा मॅनिफोल्डच्या वेल्डिंगला बारीक चीर असली तर धूर बाहेर येतो हे दिसतं. पण दोन झोतांच्या मध्ये त्याच चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते, हे लक्षात येत नाही. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, तो मिश्रण पातळ असल्याचं कळवतो आणि ईसीयू विनाकारण इंधन वाढवत जातो. परिणामी ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, सेन्सरवर काजळी चढते, आणि शेवटी बदलला जातो तो सेन्सर.

सकाळी पूर्ण थंड गाडी सुरू करून बॉनेट उघडा. पहिल्या मिनिटात टक-टक असा आवाज येऊन गरम झाल्यावर तो मिटत असेल, तर गॅस्केट किंवा चीर. खात्रीसाठी दुसऱ्याला मागे उभं करून, जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड काही सेकंदच दाबायला सांगा आणि मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा. हे थंड इंजिनावर आणि उघड्या जागेतच करा. कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांत खाऱ्या हवेने फ्लेक्स पाइप आणि सांध्याचे बोल्ट लवकर गंजतात, तिथे हे आधी तपासा.

फ्यूएल ट्रिम वाचायला शिका

गरम इंजिनावर लाँग टर्म ट्रिम दोनदा लिहून घ्या: आयडलिंगला आणि २५०० आरपीएमवर. उणे-अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. आयडलिंगला अधिक वीस आणि २५०० ला अधिक पाच, असं असेल तर इनटेकला कुठूनतरी चोरून हवा मिळते आहे: फाटलेला व्हॅक्यूम पाइप, इनटेक गॅस्केट, पीसीव्हीचा (क्रँककेसची वाफ इनटेकमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हचा) होज. याउलट आयडलिंगला ठीक पण लोडवर वाढत जात असेल तर इंधन कमी पडतंय. फिल्टर, पंप, चोंदलेले इंजेक्टर बघा. ट्रिम मोठ्या प्रमाणात उणे असेल तर गळका इंजेक्टर किंवा उघडाच राहिलेला कॅनिस्टर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) शोधा. मिसफायरचे (सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचे) कोड सोबत असतील तर आधी तेच सोडवा. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरपर्यंत जाऊन तिथे पेटतं. त्या उष्णतेने कन्व्हर्टर आणि दोन्ही सेन्सर एकदमच संपतात. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी पळवू नये, ते याचसाठी.

ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे सेन्सर जातात, असं सध्या कुठेही ऐकू येतं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१ आणि वीस टक्के असेल तर साधारण १३.५. म्हणजे ई१० वरून ई२० वर आलेल्या गाडीचा ट्रिम चारेक टक्क्यांनी वर जातो. ईसीयूला एवढं सहज पेलतं आणि सेन्सरला त्याचा त्रास नाही. गाडी आधीच अधिक बारावर असेल, तर मात्र हे चार टक्के तिला कोडच्या रेषेपलीकडे ढकलतात. दोष त्या आधीच्या बारा टक्क्यांत शोधावा.

काढलेल्या सेन्सरचं टोक काय सांगतं

पांढऱ्या कागदावर सेन्सर ठेवून दिवसाच्या उजेडात टोक बघा. निरोगी टोक फिकट करडं किंवा हलकं तपकिरी असतं.

कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी म्हणजे घट्ट मिश्रण. काजळीने सेन्सर सहसा मरत नाही. मूळ दोष काढला की हायवेच्या एका लांब फेरीत ती जळून जाते, म्हणून असा सेन्सर घाईने टाकून देऊ नका.

करडा-तपकिरी, खरबरीत, नखाने न निघणारा थर म्हणजे जळालेल्या ऑइलची राख. ऑइलमधल्या झिंक आणि फॉस्फरसचा हा लेप असतो आणि तो परत निघत नाही. गाडी ऑइल खाते आहे. सकाळी गाडी सुरू केल्यावर पहिल्या दोन सेकंदांत निळसर धूर आला तर व्हॉल्व्ह सील, चढावर दाबल्यावर आला तर रिंगा. पण हेड उघडण्याआधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. तो अडकला तर रिंगा चांगल्या असूनही ऑइल इनटेकमध्ये ओढलं जातं, आणि तो बदलणं स्वस्त आहे. डिपस्टिकवर खूण करून हजार किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. अर्धा लिटर किंवा जास्त कमी झालं असेल, तर कोणत्याही कंपनीचा सेन्सर त्या इंजिनावर फार टिकणार नाही.

पांढरा, पिठासारखा किंवा वाळूसारखा थर दोन कारणांनी येतो, आणि वारंवार सेन्सर जाण्याच्या तक्रारीत हाच थर सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. पहिलं कारण सिलिकॉन. व्हॉल्व्ह कव्हर किंवा ऑइल सम्प बसवताना आंबट, व्हिनेगरसारख्या वासाचा साधा सिलिकॉन सीलंट वापरला, तर त्याची वाफ क्रँककेसमधून इनटेकमध्ये जाते, जळून तिची सिलिका होते आणि सेन्सरचं टोक काचेसारखं बंद होतं. ट्यूबवर सेन्सर-सेफ लिहिलेलं असेल तोच सीलंट घ्या. वॉशिंग सेंटरवर इंजिन चकचकीत करायला मारतात तो सिलिकॉनचा स्प्रेही याच वाटेने आत जातो. एअर फिल्टर बॉक्सजवळ तो मारू देऊ नका. दुसरं कारण कुलंट. हेड गॅस्केट किंचित गळत असेल तर थर पांढरा, कधी हिरवट झाक असलेला येतो. रिझर्व्ह टाकीवर मार्करने रेघ मारून, गाडी त्याच सपाट जागी आणि पूर्ण थंड असताना, दर आठवड्याला पातळी बघा. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावाची नळी लावून केलेल्या चाचणीत द्राव पिवळा पडला, तर जळालेला वायू कुलंटमध्ये जातोय हे पक्कं.

विटकरी किंवा नारिंगी रंग दिसला तर टाकीत ओतलेलं ऑक्टेन बूस्टर आठवा. त्यातल्या मँगनीज किंवा लोखंडाच्या संयुगांचा तो डाग. बाटली बंद करा, एवढाच उपाय. शिशाची भीती मात्र आता कालबाह्य आहे. भारतात २००० सालापासून पेट्रोल शिसेविरहितच विकलं जातं.

सीएनजी किट असेल तर जास्तीची तपासणी

बाहेरून बसवलेल्या किटमध्ये बऱ्याचदा ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नल वायरीला एक फाटा जोडलेला असतो, आणि तो प्लास्टिकच्या चिमटी-जॉइंटने मारलेला असतो. ती चिमटी वायरीचं कव्हर कापून आत रुतते. वर्ष-दोन वर्षांत तिथे पाणी जाऊन तांबं काळं पडतं. मिलिव्होल्टच्या सिग्नलला एवढं पुरेसं असतं. किटचा सप्लाय हीटरच्या वायरीवरून घेतलेलाही कधी कधी सापडतो. वर सांगितलेल्या २१ वॅटच्या बल्बने तो लगेच उघडा पडतो. जुन्या किटांत इम्युलेटर असतो, जो सीएनजीवर ईसीयूला खोटा सिग्नल पुरवतो. तो बिघडला की पेट्रोलवरही कोड येतात. किटवाल्याकडून हे सगळे जॉइंट उघडून दाखवून घ्या.

मग ट्रिम दोन्ही इंधनांवर स्वतंत्र मोजा. पेट्रोलवर अधिक दोन आणि सीएनजीवर अधिक अठरा असेल, तर किटचं ट्यूनिंग चुकलंय. इंजेक्टरचे नोझल, रिड्यूसरचा (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचा) दाब आणि गॅस फिल्टर बघायला सांगा. पंपावरच्या कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबर थोडं थोडं येतं आणि फिल्टरमध्ये साठतं. फिल्टर वेळेवर बदलला नाही तर ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. आणखी एक: मिथेनमध्ये हायड्रोजनचं प्रमाण जास्त, म्हणून सीएनजीच्या धुरात पाण्याची वाफ पेट्रोलपेक्षा जास्त असते. रोज दोन किलोमीटर जाऊन परत येणाऱ्या सीएनजी गाडीचा पाइप आतून कायम ओला राहतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग चालवा.

नवा घेताना आणि बसवताना

पार्ट नंबर चेसिस नंबरवरून काढा. दिसायला सारखा, कपलरही जुळणारा सेन्सर हीटरच्या वेगळ्या ओहममुळे कोड देऊ शकतो. जुन्या आणि नव्याचे थंड ओहम शेजारी शेजारी मोजून बघा. बाजारात नामांकित कंपन्यांच्या खोक्यात नकली सेन्सर भरपूर आहेत. अधिकृत विक्रेत्याकडून, बिलासह घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या सेन्सरचा पार्ट नंबर एकच असेल तर आधी अदलाबदल करून बघा. कोड सेन्सरबरोबर सरकला तर सेन्सर, जागेवरच राहिला तर वायरिंग.

जुना काढताना इंजिन हाताला सोसेल इतपत कोमट असू द्या. बहुतेकांचे आटे एम१८ बाय १.५ असतात; आटे खराब असतील तर आधी टॅप फिरवून घ्या. नव्या सेन्सरच्या आट्यांवर कंपनीची पेस्ट असते, वर आणखी लावू नका. नसेल तर निकेलवाली अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) आट्यांवर नावापुरती, टोकाला अजिबात नाही. टोकाला बोट लावू नका. हातातून फरशीवर पडलेला सेन्सर बसवू नका, आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं. हाताने पूर्ण आटे बसल्यावर टॉर्क रेंचने साधारण ४० ते ५० न्यूटन-मीटर, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो. इम्पॅक्ट गन नको. कपलर सेन्सर आवळून झाल्यावर जोडा, म्हणजे वायरीला पीळ बसत नाही, आणि मूळ क्लिपा परत लावा.

कोड पुसल्यावर ट्रिम शून्यापासून शिकायला लागतात, म्हणून पहिल्या दिवसाचे आकडे धरू नका. शहर आणि हायवे मिळून शंभरेक किलोमीटर झाल्यावर ॲपमध्ये ऑक्सिजन सेन्सर आणि हीटर हे दोन्ही मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या) पूर्ण झालेले दिसतात का ते बघा. ते पूर्ण होईपर्यंत दिवा विझलेला असण्याला अर्थ नाही. पुढची पीयूसी करताना पावतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वाचा. बीएस-४ आणि नंतरच्या पेट्रोल गाडीची मर्यादा ०.३ टक्के आहे. मर्यादेत असूनही तो मागच्या पावतीपेक्षा बराच वाढला असेल, तर मिश्रण पुन्हा घट्ट होऊ लागलंय. आणि ज्या गाडीत पांढरा किंवा राखेचा थर सापडला होता, तिचा नवा सेन्सर हजार किलोमीटरनंतर एकदा काढून टोक बघा. थर पुन्हा धरू लागला असेल तर मूळ कारण अजून सापडलेलं नाही.